डावीकडे वळणारं विमान

"माझं लग्न मोडायला आलंय, आणि तेसुद्धा एका विमानापायी," असं म्हणतच मुलगी आत आली. खुर्ची रिकामी असूनही ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली आणि लगेच उठली.

चौकशीकाकूंनी स्टेपलरमध्ये अडकलेली पिन काढायचं थांबवलं. दारावर 'खासगी चौकशी' अशी पाटी असल्याने सगळं गाव त्यांना याच नावाने ओळखायचं. कोपऱ्यात त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान पेपर उघडून बसले होते. काकू त्यांना भावोजी म्हणत, म्हणून येणारे-जाणारेही भावोजीच म्हणत. बस डेपोतून निवृत्त झाल्यापासून घरी साफसफाई निघाली की ते इथे आश्रयाला येत, आणि त्यांच्या घरी साफसफाई रोजच निघे.

"कुठे जाणारं विमान?" भावोजींनी विचारलं.

"कुंपणात जाणारं," मुलगी म्हणाली. "रिमोटचं आहे हो. बाबांचं."

बाबा म्हणजे गावातले जुने दंतवैद्य. दवाखाना बंद केला तेव्हा रिकामपणाने त्यांना वेड लागेल या धास्तीने बायकोने त्यांना विमानाचं खोकं आणून दिलं होतं. पंख तयार, शेपूट तयार. फक्त जोडायचं आणि उडवायचं.

"खोक्यावर लिहिलंय, जवळजवळ तयार. त्या जवळजवळमध्ये बाबांचा अख्खा हिवाळा गेला," मुलगी म्हणाली. "गेल्या रविवारी पहिल्यांदा उडालं. बाबांना धीर होईना, म्हणून शेजारच्या कॅप्टनकाकांनी उडवलं. एकदम सरळ गेलं! बाबा मैदानात उड्या मारत होते. उद्या सगळ्या विमानवाल्यांचा मेळावा आहे. बाबांनी ठरवलं होतं, उद्या विमान स्वतः उडवायचं आणि तिथेच सगळ्यांसमोर माझं लग्न जाहीर करायचं."

"मग बिनसलं कुठे?"

"आज सकाळी सरावाला गेले. विमान धावलं, उठलं आणि डावीकडे वळून थेट कुंपणात. नाकावरचा मोडलेला पंखा बदलून परत उडवलं, तर परत डावीकडे. घरी येऊन बाबांनी सगळं तपासलं, कुठे काही चूक नाही. म्हणजे कुणीतरी मुद्दाम बिघडवलं म्हणे. आणि गुरुवारी संध्याकाळी हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन विमानापाशी एकटा कोण सापडला होता? माझा होणारा नवरा!"

"तो काय म्हणतो?"

"काहीच म्हणत नाही, तेच तर दुखणं आहे," मुलगी म्हणाली. "बाबांनी विचारलं, काय करत होतास? हा लाल झाला आणि गप्प. बाबा म्हणाले, बिघडवणारा जावई एक वेळ चालेल, गप्प बसणारा नको. उद्या ते काहीही जाहीर करणार नाहीत. आई रडतेय. मी बाबांशी अबोला धरलाय. काकू, तो असं करणार नाही हो. तो मुंगीला वळसा घालून जातो."

काकूंनी स्टेपलर खणात टाकला. "भावोजी, पेपर ठेवा."

"शब्दकोडं अर्धं राहिलंय."

"चला, दुसरं सुटतंय का बघू."

*

कॅप्टन म्हणजे मालवाहू बोटीवर उभी हयात काढलेले गृहस्थ. दंतवैद्यांच्या शेजारी राहत आणि त्यांच्याशी रोज भांडत. रोज भांडता यावं म्हणून रोज भेटत.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर फळीवर विमानं मांडली होती. भावोजी हात मागे बांधून एकेक न्याहाळू लागले.

"दाताड्याच्या विमानाला मी हात लावला, तो फक्त मैदानावर," कॅप्टन गरजले. "त्याच्या घरी मी पाय ठेवत नाही. बायको त्याची फार टापटिपीची. मी खुर्चीत बसलो की मलासुद्धा सरळ करून ठेवते."

"आज सकाळी दुसऱ्यांदा उडवलं तेव्हाही कुंपणातच गेलं?" काकूंनी विचारलं.

"छे! तेव्हा मी रिमोट हिसकावून घेतला म्हणून वाचलं. भलतं डावीकडे ओढत होतं. घाबरून मोटारच बंद केली. मग गुमान तरंगत खाली आलं."

"डावीकडे वळत?"

"नाही हो, सरळ. शहाण्या मुलासारखं."

काकूंनी ते मनात टिपून ठेवलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला त्यांचं विमान आवडतं?"

कॅप्टननी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "माझ्या सगळ्यांपेक्षा देखणं आहे. त्याला सांगू नका, डोक्यावर बसेल."

बाहेर पडताना भावोजी काकूंच्या कानाशी आले. "देखणं असणारच. याची विमानं पाहिलीस? सगळ्यांची नाकं वाकडी. एकूण एक उजव्या पंखाकडे कललेली. बोटीवरचा माणूस, त्याला विमान काय जोडता येणार!"

"सगळ्यांची?"

"एकसुद्धा सुटलेलं नाही."

*

होणारे जावईबापू गुरांचे डॉक्टर होते, पण आज त्यांच्या टेबलावर एक मांजर होतं आणि त्याला औषध नको होतं. भावोजींनी मदत म्हणून मांजर धरलं आणि पुढच्या क्षणी सोडलं.

"मी विमानाचं काही बिघडवलेलं नाही," ओरबाडलेलं बोट चोखणाऱ्या भावोजींना कापसाचा बोळा देत जावईबापू म्हणाले. "याहून जास्त मला विचारू नका. रविवारनंतर सांगेन."

"स्क्रू ड्रायव्हर कसला होता, तेवढं तरी?"

"साधा. फुलीच्या टोकाचा. माझ्याच पिशवीतला."

"खोलीत किती वेळ एकटे होतात?"

"थोडाच. सुरुवातीला तर मी विमानाचा फोटोच बघत होतो, भिंतीवरचा. हिने काढलाय, पहिल्या उड्डाणाच्या आधी. आईंनी फार सुंदर फ्रेम करून लावलाय. मग बाबा आले आणि..." ते पुन्हा लाल झाले.

काकूंची नजर त्यांच्या मनगटावर होती. तिथे बॉलपेनने लिहिलेले आकडे धुऊनही पुरते गेले नव्हते: १४२, २३, ३०. बाहीच्या काठाला थर्माकोलचे दोन पांढरे दाणे चिकटले होते.

"मुलगी तुमच्यासाठी रडतेय," काकू म्हणाल्या.

जावईबापूंचा चेहरा पडला. "ते मला बघवत नाही. पण एक दिवस कळ काढली तर सगळं गोड होईल, असं वाटलं होतं. हे इतकं वाढेल हे कुठे ठाऊक होतं?"

रस्त्यावर आल्यावर भावोजी म्हणाले, "हाच तो. माणूस लपवतोय."

"लपवतोय खरं," काकू म्हणाल्या. "पण भावोजी, वाईट काम लपवणारा 'रविवारनंतर सांगेन' असं म्हणत नाही."

*

दंतवैद्यांच्या घरी खाली त्यांच्या बायकोचं फ्रेम करायचं दुकान होतं आणि वर राहती जागा. वर जाताना जिन्यात, बैठकीत, जिथे भिंत दिसेल तिथे फ्रेमा होत्या, आणि सगळ्या एका रेषेत. भावोजींचा खांदा लागून जिन्यातली एक हलली. मागून येणाऱ्या बाईंनी चालता चालताच ती बोटाने जागेवर आणली.

"वहिनी, तुमच्याकडे काही वाकडं दिसत नाही," काकू म्हणाल्या.

"मला झोप लागत नाही हो, वाकडं दिसलं की," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. अंगावर कामाचा एप्रन होता आणि त्याच्या खिशातून पट्टी, पेन्सिल आणि धातूच्या फ्रेमा आवळायच्या वाकड्या चाव्यांचा जुडगा डोकावत होता.

विमान जेवणाच्या टेबलावर होतं. घरातली माणसं हिवाळाभर ताट मांडीवर घेऊन जेवत होती. निळे पंख, पांढरं पोट. डॉक्टर, म्हणजे दंतवैद्य, त्याच्यापाशी असे उभे होते, जसं काही आतल्या खोलीत कुणी आजारी आहे.

"एकशे बेचाळीस सेंटिमीटर पंख आहेत," ते म्हणाले. "खुंटी न् खुंटी मी बसवली. शेपटी सरळ आहे. पंखांखाली बोटं धरून तोल बघितला, बरोबर आहे. रिमोट उजवीकडे केला की शेपटीचं पान उजवीकडेच जातं. जे जे मी बसवलं, ते ते तीनदा तपासलं."

"आणि मोटार?"

"ती कारखान्यातूनच बसवून आली. तिला मी हातसुद्धा लावला नाही." त्यांनी नाकावरचं पांढरं झाकण काढून दाखवलं. मोटारीच्या चार स्क्रूंच्या डोक्यांना सहा कोनांची भोकं होती. "हे सोडवायला ॲलन की लागते, सहा कोनांची वाकडी चावी. माझी कपाटात आहे, कुलपात. कपाटाची किल्ली माझ्या खिशात."

भावोजी विमानासमोर वाकले. "वा! याला म्हणतात काम. बघ, कसं सरळ नाक आहे! नाहीतर त्या कॅप्टनची."

डॉक्टरांचा चेहरा पहिल्यांदाच जरा उजळला.

काकूंनी झाकण हातात घेऊन उजेडात फिरवलं. डाव्या बाजूच्या काठावर ताजा ओरखडा होता. नाकावर धरून बघितलं, तर पंख्याच्या मुळाशी असलेली टोपी तिथेच घासत होती, दुसऱ्या बाजूला मात्र चांगली फट होती. त्यांनी झाकण परत दिलं.

"वहिनी, या विमानाचं कुणी काही बिघडवलं असेल, असं तुम्हाला वाटतं?"

"कोण बिघडवेल? आणि मी तर मुळीच नाही!" वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "त्यांचा जीव आहे त्याच्यात. त्या पोरानेही काही केलं नसेल. पण यांना कोण सांगणार?"

"पोराची बाजू घेऊ नकोस," डॉक्टर म्हणाले.

वातावरण तापलेलं बघून भावोजी भिंतीकडे सरकले. विमानाचा तो मोठा फोटो तिथे होता. समोरून घेतलेलं निळं विमान आणि मागे हसणारे डॉक्टर. भावोजींना वस्तूंच्या मागे काय आहे ते बघायची जुनी खोड होती. त्यांनी फ्रेमच्या कडेला डोळा लावला.

"अगं, ही फ्रेम एका बाजूने भिंतीपासून जरा पुढे आहे. मागे काळे वॉशर घातलेत. चांगले दोन."

"त्या बाजूला भिंत खोल गेलीय," वहिनी म्हणाल्या. "गवंड्याचं काम. टेकण दिल्याशिवाय फ्रेम सरळ बसेना. बुधवारी लावली, सगळी दुपार त्यात गेली."

"बाकीच्या फ्रेमांना?"

"बुचाचे तुकडे लावते मी. हे आपले हाताशी होते म्हणून."

काकू फोटोसमोर उभ्या राहिल्या. फोटो बघितला, टेबलावरचं विमान बघितलं, पुन्हा फोटो बघितला. मग त्या चक्क हसल्या.

"बाळ," त्या मुलीला म्हणाल्या, "तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला बोलाव. आणि म्हणावं, जे करतोयस ते घेऊनच ये, अर्धं असलं तरी चालेल. भावोजी, तुम्ही कॅप्टनना आणा."

"ते या घरात पाय ठेवत नाहीत."

"म्हणावं, डॉक्टरांची चूक निघाली आहे. धावत येतील."

*

कॅप्टन खरंच धावत आले. जावईबापू शेवटी आले आणि चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक दाराबाहेर ठेवून उंबऱ्यातच उभे राहिले. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाठ केली.

"आधी एवढं सांगते," काकू म्हणाल्या, "की या खोलीत वाईट मनाचं कुणी नाही. विमान डावीकडे जातं, पण मोटार चालू असताना. कॅप्टननी मोटार बंद केली तेव्हा ते सरळ खाली आलं. पंख किंवा शेपटी वाकडी असती, तर मोटार बंद झाल्यावरही वळलं असतं. म्हणजे दोष पंखात नाही, शेपटीत नाही. दोष ओढणाऱ्यात आहे, मोटारीत. आणि डॉक्टर, तुम्ही जे बसवलं तेच तपासलंत. मोटार तुम्ही बसवली नव्हती."

डॉक्टर विमानाच्या नाकाकडे वळले.

"मोटार सोडवायला ॲलन की लागते. जावईबापूंकडे फुलीचा स्क्रू ड्रायव्हर होता. त्याने ते स्क्रू तसूभरही हलले नसते."

"पण मोटार नीट बसलीय!" डॉक्टर म्हणाले. "नाक बघा ना, एकदम सरळ!"

"तीच तर अडचण आहे. भावोजी, कॅप्टनच्या विमानांची नाकं कशी होती?"

"वाकडी," भावोजी म्हणाले आणि कॅप्टनकडे बघून चाचरले. "म्हणजे... किंचित."

"वाकडी असायलाच हवीत!" कॅप्टन ओरडले. "पंखा गरगर फिरतो, मागे हवेला पीळ पडतो, ती हवा शेपटीला ढकलते आणि विमान डावीकडे ओढलं जातं. म्हणून मोटार मुळातच जरा उजवीकडे कलती बसवतात. दाताड्या, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"तयार बसवून आली तर कुठून ठाऊक असणार?" डॉक्टर पुटपुटले.

"आता हा फोटो बघा," काकू म्हणाल्या. "पहिल्या उड्डाणाच्या आधीचा. नाक उजव्या पंखाकडे कललेलं आहे. आज ते सरळ आहे, म्हणून टोपी झाकणाच्या डाव्या काठाला घासतेय. मधल्या दिवसांत कुणीतरी मोटार सोडवली, डाव्या स्क्रूंमागची टेकणं काढली आणि पुन्हा आवळली. कलती मोटार बसवायची म्हणजे एका बाजूला टेकण लागतंच. दोन वॉशर. ते वॉशर फ्रेममागे आहेत, आणि फ्रेम बुधवारी लागली. जावईबापू गुरुवारी आले तेव्हा फोटो भिंतीवर होता. म्हणजे ते येण्याआधीच मोटार सरळ झालेली होती."

सगळ्यांच्या नजरा एका एप्रनच्या खिशातल्या वाकड्या चाव्यांवर गेल्या.

"मी?" वहिनी म्हणाल्या. "पण मी तर... मी तर नीट केलं होतं!"

"मला ठाऊक आहे," काकू हळूच म्हणाल्या. "दिवसभर सगळ्यांनी एकच विचारलं, मीही तेच विचारलं, की बिघडवलं कुणी. तुम्ही खरं उत्तर दिलंत. नीट कुणी केलं, हे कुणी विचारलंच नाही."

वहिनी खुर्चीत बसल्या. "फोटो कापायला घेतला तेव्हा काटकोन बघायचा गुण्या लावला, तर नाक वाकडं. मला वाटलं, कारखान्यातल्या कुण्या आळशाने एकाच बाजूला वॉशर घातले. तुम्ही इतके खुशीत होतात. तुमच्या विमानाचं नाक वाकडं आहे, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? मेळाव्यात लोक हसले असते. म्हणून गुपचूप सरळ केलं. सरळ केलेलं बिघडतं, हे मला कसं कळणार?"

"वहिनी, तुमची भिंत वाकडी म्हणून तुम्ही फ्रेमला एका बाजूने टेकण दिलंत," काकू म्हणाल्या. "कारखान्यानेही तेच केलं होतं. त्यांची हवा वाकडी."

डॉक्टर बायकोकडे वळले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी कुणाला कळेना की ते रडताहेत की काय, पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि बायकोच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माझी अब्रू वाचवायला निघालीस आणि मला कुंपणात घातलंस!"

मग ते गंभीर झाले आणि उंबऱ्याकडे वळले.

"दुखणारा दात काढायचा असतो," ते म्हणाले. "मी आज चांगलाच दात उपटायला निघालो होतो. चुकलो. या, आत या. पण एवढं सांगा, तुम्ही गप्प का बसलात?"

जावईबापूंनी काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली. त्यांनी बाहेरून ती वस्तू आणली आणि चादर काढली. लाकडाची लांब पेटी होती. आत थर्माकोल कोरून पंखांच्या, पोटाच्या, शेपटीच्या आकाराचे खड्डे केलेले होते. एका बाजूची मूठ अजून बसायची होती.

"विमान नेताना तुम्ही ते बाळासारखं मांडीवर घेऊन बसता, आणि गाडी हिला चालवायला लागते," ते म्हणाले. "म्हणून म्हटलं, उद्या मैदानावर द्यावी. गुरुवारी मापं घ्यायला आलो होतो. मूठ कुठे लावायची, तेही बघत होतो. पेटीचे स्क्रू बसवायचा स्क्रू ड्रायव्हर तसाच हातात राहिला होता."

"मनगटावर एकशे बेचाळीस लिहून माणूस विमान बिघडवत नाही," काकू म्हणाल्या.

मुलीने आधी नवऱ्याला, म्हणजे होणाऱ्या, एक चापट मारली. मग बाबांशी धरलेला अबोला सोडला.

*

सकाळी मैदानावर डॉक्टरांनी स्वतः रिमोट हातात घेतला. विमान धावलं, उठलं आणि सरळ वर गेलं. डॉक्टरांनी मान उंच करून ते पाहिलं, आणि खाली उतरवायच्या आधीच, रिमोट हातात असतानाच, लेकीचं लग्न जाहीर करून टाकलं. कॅप्टन सगळ्यात मोठ्याने ओरडले.

त्या संध्याकाळी सगळे पुन्हा त्या घरी जमले. किती दिवसांनी टेबलावर ताटं मांडली होती. विमान पेटीत झोपलं होतं.

हात धुऊन येताना भावोजी फोटोपाशी थांबले. वॉशर विमानात परत गेल्याने फ्रेम एका बाजूने भिंतीत कलली होती. त्या घरातली एकुलती एक वाकडी फ्रेम. भावोजींनी पुढे होऊन ती सरळ करायला बोट उचललं.

"भावोजी, हात लावू नका," स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या. "ती तशीच राहू दे. मला आता झोप लागते."